ऑर्गनमागच्या खोलीत

धाकटा : अजून एकदा. मी तीन म्हटलं की दोघांनी खांदा लावायचा.

वहिनी : सोडा हो भावजी. चार हमालांनी जिन्यावरून घाम गाळत वर आणलाय तो ऑर्गन. तुमच्या-माझ्या खांद्याने काय हलतोय? तुमचा खांदा निखळेल आणि माझी बाही उसवेल, एवढंच होईल.

धाकटा : पण दाराला ऑर्गन लावला कुणी? दार हॉलच्या बाजूला उघडतं, हे काय त्यांना आज कळलं?

वहिनी : तुमच्या दादांनीच लावून घेतला असेल. मी तुम्हाला घेऊन आत आले तेव्हा हमाल तो मधेच सोडून दम खात होते. आपण आत असू हे त्यांच्या ध्यानीमनी नसणार.

धाकटा : दादा नाही लावणार. एकोणीस वर्षं वाजवतोय आम्ही या हॉलमध्ये. ऑर्गन मधोमध, गिटार घेऊन पोस्टमास्तर त्याच्या उजव्या हाताला, आणि डाव्या हाताला, ऑर्गन आणि हे दार यांच्या मधे, माझे ड्रम. माझे ड्रम तिथे असतात म्हणून तर दार मोकळं राहतं. आज ऑर्गन थेट दाराला भिडला, मग मी बसू कुठे? दादाच्या मांडीवर?

वहिनी : आवाज नका चढवू. लोक येऊन बसायला लागलेत.

धाकटा : मी हळूच बोलतोय.

वहिनी : ओरडताय.

धाकटा : बरं. तुमचा फोन द्या, पोस्टमास्तरला लावतो.

वहिनी : तो दाराशी, तिकिटांच्या टेबलावर राहिलाय. तुमचा?

धाकटा : कोटात. कोट बाहेर खुर्चीवर. फटीतून हाक मारू का?

वहिनी : मारून झाल्या ना हाका. दोन बोटांची तर फट, आणि तिला आडवी ऑर्गनची लाकडी कड. वर तो त्यांचा फिरता स्पीकर चालू करून ठेवलाय. त्या घरघरीत मीच माझी हाक ऐकली नाही, तर त्यांना काय जाणार? बसा. खुर्च्यांना तोटा नाही इथे. साठ तरी असतील.

धाकटा : साठ नाहीत. चोवीस आहेत, आणि तीन मोडक्या.

वहिनी : मोजल्यात वाटतं?

धाकटा : बाटल्यांच्या कारखान्यात सव्वीस वर्षं काढली, वहिनी. समोर रांग दिसली की मोजून होते.

वहिनी : आणि तुमच्या दादांचं बघा. उभा जन्म बंद पडलेल्या लिफ्टमधून लोकांना बाहेर काढण्यात गेला. एकदा एक नवरी काढली होती, आठवतं? तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मधून. आणि आज स्वतःची बायको कोंडून घातली. कुणाला सांगायची सोय नाही.

धाकटा : हसू नका. किती वाजले?

वहिनी : सव्वासहा झाले असतील.

धाकटा : पंधरा मिनिटं आहेत. मी दिसलो नाही की शोधतील. माझ्याशिवाय सुरू करतील कसं?

वहिनी : हं.

धाकटा : हं काय?

वहिनी : काही नाही. त्या दिव्याचा उजेड डोळ्यांत घुसतोय, आणि खाली केवढं गरम होतंय. बंद करू का जरा? खिडकीतून येतोय तेवढा उजेड पुरे आहे.

धाकटा : नको. राहू द्या.

वहिनी : अहो, डोकं दुखतंय माझं.

धाकटा : राहू द्या म्हटलं ना, वहिनी. तुम्ही हवं तर खुर्ची फिरवा. नको, फिरवू नका. अशाच बसा, इकडे तोंड करून.

वहिनी : बरं बाबा. बसले.

धाकटा : मला एक सांगा. तुम्ही मला आत बोलावलंत ते खुर्च्या काढायला. आल्यापासून एका खुर्चीला हात लावला नाहीत. दार लोटून घेतलंत, भिंतीला टेकलात, आणि बोटांत पदर गुंडाळल्यासारखी ती ओढणी गुंडाळत राहिलात.

वहिनी : बोलायचं होतं तुमच्याशी.

धाकटा : मग बोला. आता कुठे पळून जाणार मी?

वहिनी : तुमची ती विद्यार्थिनी आलीय. दातांची डॉक्टर.

धाकटा : आली का? म्हटली नव्हती ती येणार म्हणून. पुढची खुर्ची दिलीत ना तिला? हात चांगला आहे त्या पोरीचा. दिवसभर लोकांच्या दाढा उपटते आणि रविवारी माझ्याकडे येऊन ड्रमवर तारांचा ब्रश असा अलगद फिरवते की वाटतं, हिला कधी कुणावर रागावताच येत नसेल. सहा वर्षं झाली शिकायला लागून. पण उशिरा आली हो. दहा वर्षं आधी यायला हवी होती.

वहिनी : ती दुसऱ्या कुणाबरोबर वाजवेल कधी?

धाकटा : वाजवेल की. मी मेलो की वाजवेल.

वहिनी : असं अभद्र बोलू नका.

धाकटा : का? बायका इतक्या घाबरतात या शब्दाला. आज सगळेच वेळकाढूपणा करतायत. साडेसहा होऊन गेले असतील एव्हाना. दादा घड्याळ काढून बसला असेल, पोस्टमास्तर दहाव्यांदा तारा पिळत असेल, आणि एकाच्याही डोक्यात येत नाहीये की माणूस कुठे गेला म्हणून. कान लावून बसा जरा, कुणी हाका मारत असेल तर. वहिनी? अशा काय बघताय माझ्याकडे?

वहिनी : तुम्ही थट्टा करताय ना?

धाकटा : कसली थट्टा? काय झालं? पाणी हवंय का? चेहरा उतरलाय तुमचा.

वहिनी : हे बोलले होते मला, इतकं वाढलंय म्हणून. मीच म्हटलं, काहीतरीच तुमचं. परवा भावजी जेवायला आले तेव्हा सगळं नीट बोलत होते, हसत होते.

धाकटा : इकडे बघून बोला ना. भिंतीशी काय बोलताय?

वहिनी : इकडे बघून बोलते. हे बघा, तुमच्याकडे बघते. सुरू झालंय, भावजी.

धाकटा : काय सुरू झालंय?

वहिनी : कार्यक्रम. तुम्ही दाढांचं सांगत होतात तेव्हाच सुरू झाला. आधी पोस्टमास्तरांची गिटार एकटीच होती, मग ह्यांनी हळूच ऑर्गन धरला, मग ब्रश आले. आता तर सगळं जोरात चाललंय. खिडकीची काच थरथरतेय.

धाकटा : खोटं बोलताय.

वहिनी : दाराला हात लावा.

धाकटा : हा घ्या, लावला.

वहिनी : लागलं हाताला?

धाकटा : ब्रश कोण मारतंय?

वहिनी : डॉक्टर.

धाकटा : माझ्या ड्रमवर?

वहिनी : नाही. तिने स्वतःचे आणलेत. तुमचे खाली गाडीतच आहेत. हमालांना सांगितलंच नव्हतं वर आणायला. ती बसलीय पोस्टमास्तरांच्या शेजारी, त्या बाजूला. म्हणून ही बाजू मोकळी राहिली आणि ऑर्गन दाराला लागला. झालं. एवढंच सांगायला तुम्हाला आत आणलं होतं, आणि तेवढंच तोंडातून फुटेना.

धाकटा : कुणी ठरवलं हे?

वहिनी : तुमच्या दादांनी.

धाकटा : कधी?

वहिनी : तीन आठवडे झाले.

धाकटा : तीन आठवडे! दर बुधवारी माझ्याबरोबर तालीम केली त्याने. गेल्या बुधवारी मला म्हणाला, हाय-हॅटच्या झांजांचा स्क्रू ढिला झालाय, आवळून घे. ज्याला काढायचंय त्याला स्क्रू आवळायला सांगतात का?

वहिनी : सांगवेना त्यांना.

धाकटा : तिलाही तीन आठवडे माहीत होतं? रविवारी आली, चहा प्यायली, तास केला आणि गेली?

वहिनी : ती नाहीच म्हणत होती. रडली आमच्या घरी येऊन. हे म्हणाले, तू नाही बसलीस तर कुणीतरी परका बसेल. तिने अट घातली, सरांना आधी सांगायचं. हे म्हणाले, सांगतो. आणि घरी येऊन मला म्हणाले, तू सांग.

धाकटा : त्याला तोंड नाहीये?

वहिनी : मला विचारताय? तुम्हाला दोघांनाही नाहीये! लग्न होऊन आले तेव्हापासून निरोप पोचवतेय मी तुमचे. तुमचा संसार मोडला, ते त्यांना कुणी सांगितलं? मी. लिफ्टच्या कंपनीने त्यांना घरी बसवलं, ते तुम्हाला कुणी सांगितलं? मी. सासूबाई गेल्या त्या दिवशी दवाखान्यात एका बाकावर बसला होतात दोघं, मला मधे बसवून. ‘त्याला विचार, गाडी सांगितली का?’ ‘त्याला सांग, सांगितली.’ हातभर अंतर नव्हतं तुमच्यात! आणि दर शनिवारी इथे बसून तीन तास एकमेकांशी काय ते वाजवता, लोक म्हणतात, काय भाऊ आहेत!

धाकटा : वाजवताना बोलावं लागत नाही.

वहिनी : ते तर झालंच.

धाकटा : बाजूला व्हा.

वहिनी : काय करताय? खुर्ची खाली ठेवा, भावजी. दार फोडणार आहात?

धाकटा : फोडलं तर?

वहिनी : फोडा. मी नाही अडवत. तुमचा हक्क आहे रागावण्याचा.

धाकटा : चाललंय का अजून? गाणं?

वहिनी : चाललंय.

धाकटा : मग नाही. चालू गाण्यात आवाज करायचा नाही. लोक संध्याकाळ काढून आलेत. आणि ती पोरगी पहिल्यांदा बसलीय, तिचा हात हलेल.

वहिनी : बसा मग. बसा. कधीपासून आहे हे कानांचं?

धाकटा : डावा कान आधी गेला. कारखान्यात त्या बाजूला यंत्र होतं. मग उजवा. कानाच्या डॉक्टरने कागदावर रेघ काढून दाखवली, अशी उतरत गेलेली. आता ताटांचा ढीग पडला तर कळतं. तुम्ही समोर बसून बोललात तर ओठ आणि थोडा आवाज मिळून जमतं. यंत्र घेतलं होतं कानात घालायचं. ते घालून सिंबलवर काठी मारली तर पत्र्यावर खडी ओतल्यासारखं झालं. ठेवून दिलं.

वहिनी : कुणालाच सांगितलं नाहीत?

धाकटा : कुणाला सांगू? सांगितलं की दुसऱ्या दिवशी दादा म्हणणार, घरी बस. घरी काय आहे माझं? भिंती आहेत. वहिनी, शुक्रवार रात्रीपासून मला बरं वाटायला लागतं, उद्या शनिवार म्हणून. रविवारी डॉक्टर येते म्हणून बरं जातं. सोमवारपासून परत दिवस मोजायचे.

वहिनी : मग वाजवत कसे होतात इतके दिवस? काही ऐकू येत नसताना?

धाकटा : सांगू? कुणाला पत्ता नाही लागू दिला मी. आमच्या तिघांत बेसवाला नाही, बरोबर? बेस, म्हणजे ते खालचे जाड सूर, दादाच वाजवतो, डाव्या पायाने. ऑर्गनखाली त्या लाकडी पट्ट्या असतात ना, त्यांच्यावर पाय नाचतो त्याचा. मी त्याच्या डाव्या हाताला बसतो. तिथून पाय सगळा दिसतो. त्याचा पाय पट्टीवर पडला की माझी काठी पडते. कुठे चार पूर्ण झाले, कुठे गाणं वळलं, सगळं पायात असतं. लोकांना वाटतं, मी मान खाली घालून तल्लीन झालोय. मी पाय वाचत असतो. दोन वर्षं काढली अशी. दादा शेजारी बसून, त्यालासुद्धा कळलं नव्हतं. आता कुणीतरी कान भरले असतील.

वहिनी : हं.

धाकटा : परत हं. तुम्ही हं म्हणता तेव्हा मला भीती वाटते.

वहिनी : दारावरून हात नका काढू. कसं वाटतंय?

धाकटा : चालीत आहे. मध्यम लय. थांबा. आज वेगळंच येतंय हाताला.

वहिनी : म्हणजे?

धाकटा : बेस. मोकळा येतोय. नेहमी प्रत्येक सूर असा धप्प, धप्प, वेगवेगळा पडतो. पायरी उतरावी तसा. आज एकातून दुसऱ्यात सरकतोय. खूप पूर्वी असा वाजवायचा तो. मी त्याला म्हणायचो, तुझ्या पायाला लोणी लावलंय. मग मधेच केव्हातरी तो धप्प-धप्प व्हायला लागला. मला वाटलं, वय झालं.

वहिनी : वय नाही झालं. गुडघा झालाय.

धाकटा : गुडघ्याला काय झालं?

वहिनी : सूज आहे. रोज रात्री शेक देते मी. शनिवारी दुप्पट. हाडांच्या डॉक्टरांनी विचारलं, पायाला काही वेगळं काम देता का? मी म्हटलं, ऑर्गन वाजवतात, पण तो तर तीस वर्षं वाजवतायत. मग एकदा मुद्दाम येऊन बघितलं. मी शिवणाची बाई, भावजी. जन्म पायाने यंत्र चालवण्यात गेलाय. पाय टेकवून, टाच न हलवता चालवलं तर दिवसभर चालवता येतं. हे काय करत होते? पाय वीतभर वर उचलून खाली आपटत होते. प्रत्येक वेळी. मोरीत झुरळ मारावं तसे.

धाकटा : का?

वहिनी : मीही तेच विचारलं. घरी जाताना. म्हटलं, हे काय नवीन खूळ? तर म्हणाले, धाकट्याला दिसायला हवं ना.

धाकटा : धाकट्याला दिसायला...

वहिनी : काय म्हणाले ते कळलं का तुम्हाला? परत सांगू?

धाकटा : कळलं.

वहिनी : दोन वर्षं. तुम्ही वाचत होतात आणि ते मोठ्या अक्षरात लिहीत होते.

धाकटा : आणि तो... ते जे झालं होतं मागे...

वहिनी : कधी?

धाकटा : दोन महिन्यांपूर्वी. पुढच्या रांगेतला एक माणूस उठून आमच्या मधून गेला आणि मला पाय दिसेना. मी वाजवत राहिलो. नंतर बघतो तर पोस्टमास्तर गिटारवर हात ठेवून गप्प, आणि दादा... दादा माझ्याकडे बघून हसला आणि ऑर्गनवर सूर परत उचलला. मला वाटलं, त्यालाच सुचलं काहीतरी. लोकांनी केवढ्या टाळ्या वाजवल्या.

वहिनी : गाणं संपलं होतं, भावजी. सगळे थांबले होते. तुम्ही एकटे वाजवत होतात. आख्खा हॉल गप्प. मी दाराशी उभी राहून बघत होते. ह्यांनी चटकन सूर धरला, जणू ते तसंच बसवलं होतं. त्या रात्री घरी येऊन जेवले नाहीत. म्हणाले, आज लोकांनी टाळ्या वाजवल्या, पुढच्या वेळी हसतील. धाकट्यावर कुणी हसलेलं मला बघवणार नाही.

धाकटा : तेव्हाच सांगायचं होतं मला.

वहिनी : सांगायला हवं होतं. मीही म्हटलं. म्हणाले, त्याने माझ्यापासून लपवलंय, म्हणजे त्याला ते लपवायचंय. मी कसं उघड करू?

धाकटा : मूर्ख आहे तो.

वहिनी : आहेच. एकटेच नाहीत.

धाकटा : माझ्यासाठी गुडघा घालवला. आणि मी त्याच्या बेसला नावं ठेवत होतो. पोस्टमास्तरला म्हणालोसुद्धा, दादा आता जड झालाय.

वहिनी : डोळे पुसा. हा घ्या रुमाल. स्वच्छ आहे, त्यात एखाददुसरी टाचणी असेल, बघून पुसा.

धाकटा : काय चाललंय आता बाहेर?

वहिनी : गाणं बदललंय. जलद आहे. गिटार थोडा वेळ वाजते आणि थांबते, मग नुसते ड्रम, मग परत गिटार.

धाकटा : चार-चार. चार मात्रांच्या चार फेऱ्या त्याच्या, चार तिच्या. तिथेच मोडते ती. कशी वाजवतेय?

वहिनी : मला काय कळतंय त्यातलं? मी काजं-बटणं करणारी.

धाकटा : हात द्या तुमचा. नाही, असं करा, माझ्या हातावर वाजवा. इथे, मनगटाच्या वर. जसं ऐकू येतंय तसं.

वहिनी : बोटांनी?

धाकटा : बोटांनी, नखांनी, कशानेही. फक्त थांबू नका. मोठा आवाज आला की तळहात मारा.

वहिनी : हे असं... असं... आता जोरात... आता बारीक बारीक खूप सारं... हे धाडकन... आता तिची पाळी संपली. गिटार.

धाकटा : घाई केली शेवटी. पण उतरली बरोबर. परत आली की सांगा.

वहिनी : आली. हे... हे... आता थांबलीय. काहीच नाही वाजवत. अजून काही नाही. चुकली का हो?

धाकटा : चुकली नाही. वाट बघतेय.

वहिनी : हा! एकच. मोठा.

धाकटा : अरे वा.

वहिनी : चांगलं होतं?

धाकटा : तीन फेऱ्या रिकाम्या सोडल्या तिने. मी नाही शिकवलं हे. मला धीर नसता झाला. मी ती जागा भरून टाकली असती. पायाकडे बघत बसणाऱ्याला गप्प बसता येत नाही, वहिनी. पाय चुकला तर काय, या भीतीने तो सारखा काहीतरी वाजवत राहतो.

वहिनी : तुमच्यापेक्षा बरी आहे?

धाकटा : आज, हो.

वहिनी : खोटंखोटं ‘नाही’ म्हणाला असतात तरी मी ऐकून घेतलं असतं.

धाकटा : तुम्ही वाजवा. थांबलात का?

वहिनी : संपलं. टाळ्या पडतायत. ऐका... बघा, किती वेळ. उठून उभे राहिले असतील. आता दिवे लावताहेत, खुर्च्या सरकतायत. मध्यंतर झालं.

(दाराच्या फटीपलीकडे पावलं थांबतात. तिथे, ऑर्गनच्या आडोशाला, अंधार आहे. कुणाचं तोंड दिसत नाही.)

दादा : अगं... तू आत आहेस का?

वहिनी : नाही, फिरायला गेलेय. आहेच आत! तास होत आला. एवढ्या हाका मारत होते.

दादा : अरे देवा. मला वाटलं तू दाराशी... तो कुठाय? सांगितलंस का त्याला? की निघून गेला?

वहिनी : कुठून जाणार निघून? माझ्या शेजारी बसलेत. दिवा लावून.

दादा : म्हणजे सांगितलंस.

वहिनी : सांगितलं. सगळं. गुडघासुद्धा.

दादा : गुडघ्याचं कशाला... काय म्हणाला?

वहिनी : त्यांना विचारा.

दादा : अगं, विचार ना तू. रागावलाय का, ते विचार.

वहिनी : नाही. आता नाही मी मधे बोलायची. दार बंद आहे, ऑर्गन आडवा आहे, दोन बोटांची फट आहे, जे काय ते तुम्ही दोघं बघून घ्या.

धाकटा : दादा आहे का?

दादा : हो. मीच. ऐक... हमाल खाली गेलेत, शेवटी येतील. पण आम्ही तिघं जोर लावतो. वीतभर सरकला तरी तू बाहेर येशील. मग तू बस दुसऱ्या भागाला. डॉक्टर म्हणते, ती उठते. खुशीत उठते. ड्रम या बाजूला घेऊ, पहिल्यासारखे. गुडघ्याला पट्टी बांधलीय मी. दोन-तीन गाणी सहज होतील. पाय उचलेन मी. तू काळजी नको करूस. काय? ...बोल ना रे काहीतरी.

धाकटा : वहिनी, बोलतोय का तो?

दादा : अगं, गप्प का आहे तो?

धाकटा : काय म्हणतोय? अंधारात तोंड दिसत नाहीये त्याचं. वहिनी, सांगा ना.

वहिनी : नाही सांगणार. त्यांनाही नाही आणि तुम्हालाही नाही. मला रडू येतंय, पण सांगणार नाही.

धाकटा : असं काय करता? मी त्याला काय उत्तर देऊ?

वहिनी : जे आहे ते.

धाकटा : दादा... दादा, तू काय बोलतोयस ते मला ऐकू येत नाहीये. काहीच नाही. आज नाही रे, दोन वर्षं झाली. गाणं चालू आहे का संपलं, ते कळत नाही मला. ती वाजवतेय तेवढं वाजवू दे तिला. आणि मी तुला सांगायला हवं होतं. मला भीती वाटली. तू घरी बसवशील म्हणून भीती वाटली.

दादा : माहीत आहे मला, राजा. मीसुद्धा भ्यायलो. तू येणं बंद करशील म्हणून.

धाकटा : वहिनी, आहे का तो? की गेला?

वहिनी : फटीतून बोटं आत घातलीत त्यांनी. माझ्याकडे काय बघताय? धरा.